एक वस्तू, सहा दगड: स्विस पोस्टर कसं तयार व्हायचं

१९४० ते १९६० या काळातलं स्वित्झर्लंडमधलं रस्त्यावरचं जवळजवळ कुठलंही पोस्टर मोजून पाहा, रुंदी ९०.५ सेंटिमीटर आणि उंची १२८ सेंटिमीटर भरते. मग ते साबणाचं असो, निवडणुकीचं असो की सर्कशीचं. संग्राहकांना हे माप तोंडपाठ असतं. त्या मापाने आतल्या चित्राचं काय केलं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्या काळातल्या युरोपीय जाहिरातकलेचा विषय निघाला की ‘साधेपणा’, ‘नेटकेपणा’ हे शब्द सढळ हाताने वाटले जातात, जणू तो स्विस माणसाचा जन्मजात गुण. असेलही. पण कागदाचं माप, छपाईच्या दगडांची संख्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला मिळणारे चारदोन सेकंद या तीन गोष्टींनी चित्रकाराचे हात किती बांधलेले होते, हे एकदा नीट पाहिलं की त्या साधेपणातलं बरंच काही उलगडतं.

आधी माप. ते काढलं एका रसायनशास्त्रज्ञाने. विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांना १९०९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्यानंतर त्यांनी जगातल्या सगळ्या कागदांना एकच मापमालिका लावायचा ध्यास घेतला. १९११च्या सुमारास त्यांनी मांडलेली पद्धत अशी: आखूड बाजू १ सेंटिमीटर, लांब बाजू १.४१ सेंटिमीटर. पुढचं प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट क्षेत्रफळाचं. १ बाय १.४१, मग १.४१ बाय २, मग २ बाय २.८३. या गुणोत्तराची गंमत ही की कागद मधोमध दुमडला तरी त्याचं प्रमाण बदलत नाही. मालिकेतली चौदावी पायरी येते ९०.५ बाय १२८. आपल्याकडचा ए-४ कागदही याच गुणोत्तराचा आहे, फक्त त्याची सुरुवात एक चौरस मीटरपासून होते, म्हणून आकडे वेगळे येतात.

ऑस्टवाल्ड यांच्या या ‘जागतिक मापा’ला जगाने फारशी दाद दिली नाही. स्वित्झर्लंडने मात्र ते उचललं. १९१४ साली बर्नमध्ये राष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्याचं एमिल कार्दिनो यांनी केलेलं पोस्टर या मापात होतं. त्यात हिरव्या रंगाचा घोडा होता आणि लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. घोड्याची चर्चा विरली, माप राहिलं. पोस्टर लावण्याचं काम करणाऱ्या ‘आल्गेमाइने प्लाकाटगेझेलशाफ्ट’ या कंपनीने देशभर आपले फलक याच मापाचे ठेवले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की मोठ्या कारखान्याला मोठं पोस्टर लावून छोट्या दुकानदाराला झाकून टाकता येत नव्हतं. फ्रान्समध्ये १२० बाय १६० सेंटिमीटरचे कागद होते, शिवाय अनेक कागद जोडून भिंतभर जाहिराती व्हायच्या. स्विस फलकावर मात्र सगळे एका रांगेत, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी. आवाज चढवायची सोयच नाही म्हटल्यावर शेजाऱ्यापेक्षा वेगळं दिसायचं असेल तर चित्रातच काहीतरी करावं लागणार.

वीस मीटरवरून काय वाचता येतं

चांगली नजर असलेल्या माणसाला वीस मीटरवरून जेमतेम ओळखता येणारं अक्षर सुमारे ३ सेंटिमीटर उंचीचं असतं. पण जेमतेम ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे. चालता चालता सहज वाचता यावं म्हणून त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण ९ सेंटिमीटर उंची लागते. एवढ्या उंचीचं रोमन अक्षर सरासरी साडेसहा सेंटिमीटर रुंद होतं. दोन्ही बाजूंचा समास सोडून कागदाची ८४ सेंटिमीटर रुंदी उरते. भागाकार केला की ओळीत बारातेरा अक्षरं बसतात. बस्स. एक नाव आणि फार तर एक छोटा शब्द.

आता वेळ. पायी चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे शेवटचे दहा मीटर त्याला सात सेकंद पुरतात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला जवळपास १४ मीटर कापते. तीस मीटरवरून पोस्टर दिसायला लागलं तर चालकाच्या हाती दोन सेकंद. त्यातही त्याचं लक्ष रस्त्यावर. नवख्या चित्रकाराची चूक इथेच होते. तो टेबलावर, हातभर अंतरावरून, पाच मिनिटं पाहून चित्र ठरवतो. त्यावर साधा उपाय म्हणजे मूळ चित्राची दहावा हिस्सा, म्हणजे ९ बाय १२.८ सेंटिमीटर एवढी छोटी प्रत करून ती दोन मीटरवर ठेवायची. वीस मीटरवरचं पोस्टर डोळ्याला तेवढंच दिसतं. त्यात जे हरवलं ते रस्त्यावरही हरवणार.

एकच वस्तू

वस्तूच मोठी करून दाखवायची आणि बाकी सगळं गाळायचं, हा मार्ग १९०५-०६च्या सुमारास बर्लिनमध्ये लुसियान बेर्नहार्ड या तरुणाने दाखवला होता. ‘प्रीस्टर’ काडेपेटीसाठी त्याने केलेल्या पोस्टरमध्ये दोन काड्या आणि नाव, एवढंच होतं. स्विस चित्रकारांनी ही युक्ती पुढे नेऊन तिला जवळजवळ शास्त्राचं रूप दिलं. ओटो बाउमबर्गर यांनी १९२३ साली ‘पीकेझेड’ या पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानासाठी फक्त एक ओव्हरकोट काढला, तोही इतका जवळून की लोकरीचा धागा अन् धागा दिसतो. दुकानाचं नाव कोटाच्या आतल्या लेबलावर. वेगळी ओळच नाही. १९३४ साली पीटर बिर्कहॉयझर यांनी त्याच दुकानासाठी नुसतं एक बटण काढलं. कोटही गेला, बटण उरलं.

बाझल शहरात या प्रकाराने कळस गाठला. तिथले निक्लाउस श्टोएक्लिन यांचं १९४१ सालचं टूथपेस्टचं पोस्टर आपल्याकडच्या वाचकांनी मुद्दाम पाहावं, कारण ब्रँड आहे ‘बिनाका’. होय, तोच. बाझलच्या सीबा कंपनीचा. १९५२पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजात ज्याचं नाव घराघरांत पोचलं तो बिनाका, त्याच्या आधी दहाएक वर्षं बाझलच्या रस्त्यांवर काचेच्या पेल्यातल्या टूथब्रशच्या रूपात उभा होता.

या शैलीला वास्तववादी म्हणतात, पण कॅमेऱ्याच्या अर्थाने ती वास्तववादी नाही. काचेवरची चकाकी, कडेची सावली, धातूचा थंडपणा हे सगळं निवडून ठेवलेलं असतं आणि उरलेलं पुसलेलं. पेला टेबलावर आहे की हवेत, खोली कुठली, ब्रश कुणाचा, काहीच नाही. हर्बर्ट लॉइपिन आणि डोनाल्ड ब्रुन हे दोघे १९४०च्या दशकात या कामात पटाईत होते. पुढच्या दशकात लॉइपिन खेळकर, विनोदी रेषेकडे वळले. याच सुमारास पॅरिसमध्ये रेमों साव्हिन्याक यांनी ‘मोंसाव्हों’ साबणासाठी गाय काढली. तिच्या आचळातून निघणारं दूध थेट साबणाच्या वडीत उतरतं. दुधाचा साबण, झालं सांगून. हे पोस्टर १९४९चं. माझ्या मते श्टोएक्लिन यांच्या पेल्यापेक्षा ही गाय अवघड काम आहे, कारण पेला नुसता पाहायचा असतो, गाय पाहून लगेच समजावी लागते.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होता, छापखाने शाबूत राहिले. सरकारने १९४१ सालापासून दर वर्षीची उत्तम पोस्टरं निवडून गौरवायलाही सुरुवात केली. या गौरवात चित्रकाराइतकाच छापखानाही महत्त्वाचा मानला जायचा, आणि ते योग्यच होतं. का, ते आता पाहू.

दगड

बाझलच्या ‘वासरमान’सारख्या किंवा झुरिकच्या ‘वोल्फेन्सबेर्गर’सारख्या छापखान्यात यातली अनेक पोस्टरं शिळाछापावर, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापण्याच्या पद्धतीने (लिथोग्राफी) निघाली. तत्त्व साधं आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. आलॉइस झेनेफेल्डर यांनी १७९०च्या दशकाच्या शेवटी बव्हेरियात ते छपाईला लावलं. दगड झोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा, अत्यंत बारीक आणि एकसारख्या कणांचा. आपल्याकडे रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला आणि नंतर मळवलीला हलवलेला चित्रांचा छापखाना याच पद्धतीवर चालत होता. देव्हाऱ्यातली लक्ष्मी-सरस्वती आणि बाझलचा टूथब्रश या बाबतीत एका कुळातले आहेत.

पूर्ण मापाच्या पोस्टरसाठी दगड कागदापेक्षा थोडा मोठा लागतो. १०० बाय १३५ सेंटिमीटर, जाडी १० सेंटिमीटर धरली तर वजन ३५० किलोच्या घरात जातं. एका रंगाला एक दगड. सहा रंगांचं पोस्टर म्हणजे दोन टनांहून जास्त दगड हलवायचे.

पहिली पायरी दगड घासण्याची. आधीचं चित्र जाईपर्यंत कणीदार वाळू किंवा कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून दगडाचा पृष्ठभाग घासतात. शेवटी किती बारीक पूड वापरली त्यावर दगडाचा पोत ठरतो. भरडा पोत असेल तर खडूची रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची उमटते आणि त्यातूनच छटा मिळतात. सपाट रंगाचा दगड असेल तर पोत बारीक चालतो. एका गोष्टीकडे इथे सहज दुर्लक्ष होतं: घासताना मधला भाग जास्त झिजतो आणि दगड बशीसारखा खोल होतो. मग छापताना मध्यभागी दाब कमी पडून रंग फिका येतो. म्हणून मधूनमधून पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघतात.

पुढे चित्राच्या बाह्यरेषा. मूळ रंगीत चित्र खऱ्या मापाचं असलं तर त्यावर पारदर्शक जिलेटिनचा पत्रा ठेवून प्रत्येक रंग जिथे संपतो ती सीमा सुईने कोरतात. ती एका दगडावर उतरवून त्याचे ठसे घेतात, ओल्या ठशांवर लोहाची तांबडी पूड भुरभुरतात आणि एकेक ठसा एकेका नव्या दगडावर दाबतात. तांबड्या पुडीत तेल नाही, म्हणून ती रेघ कारागिराला दिसते पण छपाईत उतरत नाही. चारी बाजूंच्या समासात जुळणीच्या फुल्या असतात. सगळ्या दगडांवर त्या नेमक्या एकाच जागी हव्यात.

मग चित्र काढायचं: मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या खडूने, किंवा त्याच मिश्रणाच्या पातळ शाईने. सगळं उलटं, कारण दगडावरून थेट कागदावर छापताना डावं-उजवं पालटतं. आणि सगळं काळ्यात. पिवळ्या दगडावरही काळाच खडू चालतो; रंग फक्त छापताना येतो. म्हणजे कारागिराला काळ्या छटेकडे पाहून ही पिवळ्यात किती गडद दिसेल आणि त्यावर निळा आला की काय होईल, हे डोक्यात मांडावं लागतं. बाझलच्या पोस्टरांवरची काचेची चकाकी ज्यांच्या हातून उतरली ते बऱ्याचदा हे छापखान्यातले अनामिक कारागीर होते. चित्रकाराचं नाव कोपऱ्यात येई, यांचं नाही.

मऊ छटा हवी असेल तर ब्रश जाळीवर घासून शाईचे तुषार उडवतात. जिथे तुषार नकोत तो भाग आधी डिंकाने झाकतात. तुषार फार मोठे पडले तर सावली दाण्यादाण्यांची दिसते. फार बारीक पडले तर पुढच्या ॲसिडच्या पायरीत ते उडून जातात. उघड्या बोटाचा स्पर्श मात्र अजिबात चालत नाही. त्वचेचं तेल दगडाला लागलं की तिथे शाई धरते आणि हजार कागदांवर तोच बोटाचा ठसा उमटतो. म्हणून दगडावर आडवी फळी ठेवून तिच्यावर हात टेकवतात.

चित्र झालं की त्यावर बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि त्यात थोडे थेंब नायट्रिक ॲसिड, असं मिश्रण लावतात. ॲसिडने दगड कोरला जातो, असा गैरसमज सर्रास आढळतो. खोदकाम इथे होतच नाही. मोकळ्या जागेत डिंकाचा अगदी पातळ थर पक्का बसतो आणि ती जागा पाणी धरते, तेल नाकारते. चित्राच्या गडदपणाप्रमाणे मिश्रणाची ताकद बदलावी लागते. नाजूक खडूकामावर तीव्र मिश्रण गेलं तर फिकट छटा नाहीशा होतात. गडद भागावर सौम्य राहिलं तर छापताना शाई पसरून तो भाग भरून येतो. त्यानंतर टर्पेंटाइनने चित्र पुसून टाकतात आणि दगड जवळजवळ कोरा दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण दगडात मुरलेलं तेल तिथेच असतं. पाणी फिरवून शाईचा रूळ दिला की चित्र परत वर येतं.

दुरुस्ती करायची तर खरवडून काढणं सोपं, नवीन घालणं अवघड. डिंक बसलेल्या जागेवर खडू धरत नाही. आधी सौम्य ॲसेटिक ॲसिडने ती जागा पुन्हा तेलासाठी उघडावी लागते आणि मग परत सगळी प्रक्रिया. ‘अजून एक ओळ टाका’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला छापखान्याने नकार का दिला असेल, ते यावरून समजावं.

रंग किती, कुठल्या क्रमाने

समजा निळसर पार्श्वभूमीवर काचेचा पेला आहे. पिवळा, फिकट गुलाबी, फिकट निळा, गडद निळा, करडा, काळा: सहा दगड. क्रम साधारण फिक्याकडून गडदाकडे. त्या काळचा क्रोम पिवळा बराच अपारदर्शक. तो शेवटी छापला तर खालचं सगळं झाकेल, म्हणून तो पहिला. त्यावर पारदर्शक निळा आला की हिरवा फुकटात मिळतो. पांढरा रंग छापायचा नसतोच, तो कागदाचा. काचेवरची चकाकी म्हणजे सहाही दगडांवर मोकळी सोडलेली एकच जागा. एक जरी दगड मिलिमीटरभर सरकला, तर चकाकीला पिवळी किंवा निळी किनार येते आणि काच मातीची वाटायला लागते.

सरकण्याचं मुख्य कारण यंत्र नसतं, कागद असतो. शिळाछापात दगड दर वेळी ओला करतात आणि कागद त्यातलं थोडं पाणी पितो. कागद त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. १२८ सेंटिमीटरवर नुसता ०.१ टक्का फरक पडला तरी १.३ मिलिमीटर होतो. म्हणून कागद आधी काही दिवस छापखान्याच्याच हवेत टांगून ठेवायचे, शाईविना एकदा यंत्रातून फिरवून त्यांचा ताण काढायचा आणि एका कामाच्या सगळ्या कागदांच्या तंतूंची दिशा एकच ठेवायची. तरीही फरक पडतोच, हे गृहीत धरून दोन रंग जिथे भेटतात तिथे गडद रंग फिक्यावर एक-दोन मिलिमीटर चढवतात. जुन्या पोस्टरांवर वस्तूंभोवती जाड काळी कड दिसते, ती पुष्कळदा या कारणाने आलेली असते. ‘धीट रेषा’ म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शाई जवसाच्या तेलाची. वाळायला साधारण एक दिवस. सहा रंग म्हणजे छपाईलाच किमान आठवडा. घाई केली तर ओली शाई वरच्या कागदाच्या पाठीला लागते. पाणी कमी पडलं तर मोकळी जागा मळकट होते, जास्त झालं तर शाईत पाणी मिसळून रंग निस्तेज होतो. खराब होणाऱ्या कागदांचा हिशेबही आधीच करावा लागतो. प्रत्येक फेरीत शंभरातले दोन वाया जात असतील, तर सहा फेऱ्यांनंतर ८८-८९च उरतात. हजार पोस्टरं हवीत तर साडेअकराशेच्या आसपास कागद घेऊन बसायचं.

या सगळ्यावरून एक गोष्ट उघड होते. सातवा रंग म्हणजे आणखी ३५० किलोचा दगड, आणखी एक दिवस, सरकण्याचा आणखी एक धोका. चित्रकाराने आराखड्यातच एक रंग वाचवला तर मालक त्याच्यावर खूश. सपाट पार्श्वभूमी, मोजके रंग आणि मधोमध एक वस्तू या रचनेला कलेइतकाच हा हिशेब कारणीभूत आहे.

अक्षरं बहुतेक हाताने काढलेली असत. उलटी अक्षरं सराईतपणे काढणारे कारागीर असत, नाहीतर खास लेप दिलेल्या कागदावर सुलटी काढून ती दगडावर दाबून उतरवत. गडद पार्श्वभूमीतून कोरी सोडलेली पांढरी अक्षरं डोळ्याला असतात त्यापेक्षा जाड वाटतात, म्हणून मोठी अक्षरं किंचित बारीक काढतात. पण बारीक रेघांच्या छोट्या अक्षरांत उलटं होतं; आजूबाजूची शाई आत पसरते आणि रेघ बुजते, तिथे ती जाडच काढावी लागते. हा फरक न कळल्यामुळे पत्त्याची ओळ अर्धी बुजलेली पोस्टरं कितीतरी सापडतील.

दगड जातो, फोटो येतो

फोटोचा वापर आधीच सुरू झाला होता. हर्बर्ट माटर यांनी १९३४ ते १९३६ या काळात स्विस पर्यटनासाठी फोटो कापून-जोडून केलेली पोस्टरं ग्रॅव्ह्यूर, म्हणजे धातूत कोरलेल्या खळग्यांत शाई भरून छापण्याच्या पद्धतीने छापली गेली. १९५०च्या दशकात जस्ताचे पत्रे आणि ऑफसेट यांनी दगडाला हळूहळू बाजूला सारलं. ऑफसेटमध्ये चित्र आधी रबरी पृष्ठभागावर आणि मग कागदावर जातं, दोनदा पालटतं, म्हणून पत्र्यावर ते सुलटंच असतं. पत्रा एका माणसाला उचलता येतो. खडूने काचेची चकाकी काढणाऱ्या कारागिराची गरज मात्र संपली.

झुरिकचे योझेफ म्युलर-ब्रोकमान यांचं १९५३ सालचं मोटार क्लबसाठीचं पोस्टर या नव्या भाषेचं उत्तम उदाहरण आहे. पुढे प्रचंड मोठी, तिरपी धावत येणारी मोटारसायकल, तिच्या वाटेत चिमुकलं पळणारं मूल आणि ‘मुलांना जपा’ अशा अर्थाचे तीन जर्मन शब्द. हे दोन फोटो वेगवेगळे आहेत. धोका त्यांच्या आकारांतल्या तफावतीतून तयार होतो. झुरिकच्या टोनहाले सभागृहासाठी त्यांनी केलेल्या १९५५ सालच्या बेथोव्हेन पोस्टरमध्ये तर चित्रच नाही, फक्त वर्तुळाच्या काळ्या पट्ट्या. पट्ट्यांची जाडी दुपटीदुपटीने वाढते: १, २, ४, ८, १६, ३२.

याच काळात ‘ग्रिड’, म्हणजे चित्र आणि मजकूर बसवण्यासाठी कागदावर आखलेली खान्यांची जाळी, हा शब्द गाजला. त्याबद्दल इतकं गूढ बोललं जातं की एकदा आकडे मांडून दाखवणंच बरं. कागद ९०५ बाय १२८० मिलिमीटर. डावी-उजवीकडे ३२.५, वर-खाली ४० मिलिमीटर समास सोडा. उरतात ८४० बाय १२००. रुंदीत चार रकाने, मधली फट २४: (८४० − ७२) ÷ ४ = १९२. उंचीत सहा खाने, फट तीच: (१२०० − १२०) ÷ ६ = १८०. आता मजकुराच्या दोन ओळींतलं अंतर १२ मिलिमीटर धरलं, तर एका खान्यात बरोबर १५ ओळी आणि फटीत २ ओळी बसतात. आकडे असेच निवडायचे की खाना आणि फट दोन्ही ओळींच्या पूर्ण पटीत येतील. ते जमलं नाही तर फोटोची खालची कड आणि शेजारच्या मजकुराची शेवटची ओळ कधीच जुळत नाही. आणखी एक बारकावा: फोटोची वरची कड पहिल्या ओळीतल्या अक्षरांच्या डोक्याशी जुळवायची आणि खालची कड शेवटच्या ओळीत अक्षरं जिथे टेकतात तिथे. खान्याच्या कोऱ्या सीमेशी जुळवली तर फोटो किंचित वर तरंगल्यासारखा दिसतो. ग्रिडने रचना आपोआप चांगली होत नाही, हेही खरं. सगळे खाने भरून टाकणाऱ्यांनी तिची रया घालवली. म्युलर-ब्रोकमान अर्धेअधिक खाने रिकामे ठेवत.

अक्षरं आता छापखान्याच्या खिळ्यांमधून, तीही बिनशेपटीची ग्रोटेस्क. आधी १९व्या शतकाच्या शेवटची ‘अक्त्सिडेन्त्स-ग्रोटेस्क’. मग १९५७ साली आद्रियान फ्रुटिगर यांचा २१ वळणांचा ‘युनिव्हर्स’ आणि त्याच वर्षी माक्स मीडिंगर यांनी हास फाउंड्रीसाठी काढलेला टाइप, ज्याला १९६०मध्ये ‘हेल्व्हेटिका’ नाव मिळालं.

खरं की नंतरचं

मुंबई-पुण्यातल्या लिलावांत आणि परदेशातल्या जुन्या बाजारांत अशी पोस्टरं दिसली तर तीन गोष्टी तपासाव्यात. आधी माप. कडा कापलेल्या असू शकतात, पण ९०.५ बाय १२८पेक्षा बरंच लहान आणि तरी चित्र पूर्ण असेल, तर ते नंतरचं छोटं पुनर्मुद्रण समजायला हरकत नाही. मग खालच्या कडेची बारीक ओळ; तिथे छापखान्याचं नाव आणि गाव असतं. नंतरच्या प्रतींत ही ओळ वाचता न येण्याइतकी धूसर होते, कारण तिचाही फोटोच काढलेला असतो.

तिसरी गोष्ट दहापट मोठं दाखवणारं भिंग. शिळाछापाच्या छटेत वेडेवाकडे, खडूच्या कणांसारखे ठिपके दिसतात आणि सपाट रंग खरोखर सलग असतो. ऑफसेटच्या प्रतीत ठिपके रांगेत, छोट्या गुलाबासारख्या चक्रांत बसलेले दिसतात. फक्त ठिपके दिसले म्हणून पोस्टर खोटं ठरवू नका. १९५०च्या दशकातल्या फोटो असलेल्या मूळ पोस्टरांतही ते असतात. भिंग अक्षरांवर न्यावं. मूळ पोस्टरात अक्षराची कड स्वच्छ आणि शाई भरीव असते. काळ्या अक्षराची कडही चार रंगांच्या ठिपक्यांनी बनलेली असेल, तर तो छापील पोस्टरचा पुन्हा काढलेला फोटो आहे. रंगांचाही थोडा आधार मिळतो: उन्हात आधी पिवळा-तांबडा उडतो आणि निळा-काळा टिकतो, म्हणून रस्त्यावर लागलेली खरी पोस्टरं निळसर झालेली असतात. गोदामात राहिलेल्या प्रती मात्र ताज्या दिसू शकतात, तेव्हा एकट्या रंगावरून निकाल देऊ नये.